चहाच्या आधीचा तास

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आमची वाटणी ठरली होती. सकाळचा चहा मी करायचा, रात्रीचं दूध तिनं तापवायचं. चहा आम्ही गॅलरीत बसून प्यायचो. बोलणं फार नसायचं. पाणी आलं का, काल कुणाचा फोन होता, लेकीकडे थंडी पडली का, एवढंच. पण दिवसभरात तेवढाच वेळ ती माझ्या एकट्याची असायची.

मग तिला थायरॉइड निघाला. चेहरा सुजायचा, केस गळायचे, दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा. डॉक्टरांनी रोज सकाळी उपाशी पोटी घ्यायची गोळी लिहून दिली. गोळीनंतर तासभर चहा नाही. मी म्हटलं, हरकत नाही, मी थांबतो. थोडे दिवस थांबलोही. पण चहावाचून माझं डोकं चढतं, आणि डोकं चढलं की माझी जीभ सुटते. शेवटी तीच म्हणाली, "अहो, तुम्ही घ्या बघू तुमचा चहा. मी तोवर पाय मोकळे करून येते."

इथं समोरच्या दारातल्या भाभी आडव्या आल्या. त्यांचे यजमान कुवेतला असतात. भाभींना हाच आजार, तोही कितीतरी वर्षांचा. तीच गोळी, तोच बिनचहाचा तास. दोघी मिळून वडाळे तलावाला फेऱ्या मारायला लागल्या आणि महिनाभरात आमच्या घरातलं प्रत्येक वाक्य "भाभी म्हणतात"नं सुरू होऊ लागलं. भाभी म्हणतात, कॅल्शियमची गोळी त्या गोळीच्या जवळपास घ्यायची नाही, चार तास जाऊ द्यायचे. हेच मी सांगितलं असतं तर मला ऐकावं लागलं असतं, 'तुम्हाला काय कळतंय त्यातलं!' परत येताना दोघींचं हसणं जिन्यातून वर यायचं. माझ्या कुठल्या बोलण्यावर ती असं हसली होती, ते काही केल्या आठवेना. पोटात दुखायचं माझ्या. दुसरा शब्द नाही त्याला.

मग मीही अभ्यासाला लागलो. मोबाइलवर कुणीतरी पाठवलं, आयोडिनमुळेच थायरॉइड बिघडतो. झालं. घरातलं मीठ बंद केलं आणि सैंधव आणलं. थोड्याच दिवसांत दुसऱ्या कुणीतरी पाठवलं, आयोडिन कमी पडलं की थायरॉइड बिघडतो. मग मेडिकलमधून सगळ्यांत मोठी, परदेशी लेबलाची व्हिटॅमिनची बाटली आणली. 'थायरॉइडसाठी खास' असं वर ठळक छापलं होतं. भाभींनी सांगितलेलं नाही असं काहीतरी मला तिच्या हातात ठेवायचं होतं.

तिनं बाटली घेतली आणि सरळ समोरची बेल वाजवली.

भाभींनी चष्मा लावून बाटलीची मागची बाजू वाचली. "भाईजान, यात समुद्रातलं शेवाळ आहे. आयोडिन लई असतं त्यात. डॉक्टरला विचारल्याशिवाय वैनींना देऊ नका हां. माझ्या नणंदेनं असंच काही खाल्लं, फार तकलीफ झाली तिला." आणि वर मलाच मोरा बंदरावरून आलेल्या कोलंबीच्या कालवणाचा डबा दिला. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. कालवण झकास होतं, त्याचाही राग आला.

भाभींना खोटं पाडायचं म्हणून मी बायकोबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बाटलीवर नजर टाकली आणि ती बाजूला सरकवली.

"शेवाळाच्या गोळ्या अजिबात नकोत. यांच्या प्रकारच्या थायरॉइडमध्ये जादा आयोडिननं दुखणं वाढू शकतं. घरात आयोडिनचं मीठ आहे, मासे खाता, तेवढं पुरे."

"मीठ यांनी बदललंय, सैंधव आणलंय," बायकोनं लगेच चुगली केली.

"ते कशाला? होतं तेच ठेवा." बी-बारा आणि ड जीवनसत्त्व रक्तात तपासू, कमी निघालं तरच देऊ, असं ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून विचारलं, "केसांसाठी बायोटिन वगैरे घेता का? त्यानं थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो."

"नाही घेत. भाभींनी सांगितलंय मला."

"कोण या भाभी? हुशार दिसतात," डॉक्टर म्हणाले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो.

उठताना मात्र मला सुचलं. "डॉक्टर, ही गोळी रात्री घेतली तर?"

"चालेल. पण जेवणानंतर तीन तास जाऊ द्यायचे, वेळ रोज तीच ठेवायची आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं."

हे भाभींनी सांगितलेलं नव्हतं! रिक्षात मी घरापर्यंत गुणगुणत होतो.

बातम्या संपल्याशिवाय मी कधी ताटावर बसत नसे, तो मी संध्याकाळी सातला जेवायला लागलो. पहिल्या रात्रीची गोळी तिला मीच आठवणीनं दिली. सकाळी उठून आलं ठेचलं, चहा उकळला आणि कितीतरी महिन्यांनी गॅलरीत दोन कप नेऊन ठेवले. ती आली तीच बूट घालून. उभ्यानंच दोन घोट घेतले.

"आता कुठं निघालीस?" मी विचारलं. "गोळी रात्रीच झाली ना? तास मोकळा झाला तुझा."

"भाभी खाली थांबल्यात."

"अगं पण आता फिरायची गरज काय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागावली नव्हती ती, खरंच नवल वाटलं होतं तिला.

"अहो, मी गोळीसाठी जात होते असं वाटलं तुम्हाला?"

मग अर्धा भरलेला कप तिनं माझ्याकडे सरकवला. "हा तुम्हीच घ्या. भाभींची गोळी अजून सकाळचीच आहे. आल्यावर त्यांचा तास संपला की त्यांच्याबरोबर घ्यायचाय मला."