माफीचा व्हिडिओ

ती दुपार आठवली की आजही मी पाणी पिण्याआधी ग्लासात डोकावते. नात हसते, "आजी, पाण्याचीही चौकशी?" हसू दे.

खांद्यावर तिसरा तारा नुकताच लागला होता. उत्तर नागपुरातल्या एका ठाण्याची मी ठाणेदार. टोपी आरशात पाहून बसवायची; टोपीखाली काय आहे, ते पाहायची सवय नव्हती.

वस्तीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक रेकॉर्ड केलेला आवाज फिरत होता : नळाचं पाणी पिऊ नका, त्यात गटार मिसळलंय. वरून तोंडी आदेश आला : अफवा आहे, पुसा. स्थानिक बातम्यांच्या एका फेसबुक पानावरचा तसाच मजकूर मी तासाभरात उतरवायला लावला. मग खबऱ्याचा फोन आला, "मॅडम, आवाज वस्तीतल्याच एका कंपाउंडरचा हाय. धंतोलीत दवाखान्यात हाय तो."

उचलून आणला. स्टेशन डायरीला नोंद झाली. मी ग्लास पुढे सरकवला. घाबरलेला माणूस पाणी घटाघटा पितो, हा आमचा अनुभव. याने हातही लावला नाही. मुरलेला आहे, असं मी ठरवलं. वा गं हुशार!

"काहून अफवा पसरवून राहिला गा?"

"मॅडम, एकाच गल्लीतले पाच पेशंट आले. जुलाब, उलट्या. हे पानी बी त्याच लाइनचं हाय नं?"

पुरावा टेबलावर ग्लासात भरून ठेवला होता. मी विचारलं काय, तर फोनचा पासवर्ड!

अफवेवाल्याला ठाण्यात उभं करून माफीचा व्हिडिओ काढायचा, ही आमची पद्धत. तो तयार नव्हता. दवाखान्याला पत्र पाठवते म्हटल्यावर उभा राहिला. "पाणी चांगलं आहे, मी चुकलो." व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर टाकला. साहेबांनी पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी त्या गल्लीतली एक बाई आली. सासू जुलाबांनी गेली होती. तिने फोन माझ्यासमोर धरला.

"म्हातारीले उकळूनच देत होतो, मॅडम. हे पाहून बंद केलं. मांगं तुमच्या ठान्याची पाटी दिसते, म्हनून भरोसा ठेवला."

पुढे खोदकामात पाइप गटारातच फुटलेला निघाला. मला साधी नोटीसही आली नाही. पाण्याचा नमुना तपासायला पाठवणं हे एका शिपायाचं काम होतं. मी ते सांगितलं नाही. खरं बोलणं पुसता आलं. माफी मात्र पार दुसऱ्या वस्त्यांपर्यंत पोचली होती, ती पुसायचा आदेश कोणी दिला नाही. आदेशाची वाट पाहणारी मीच होते.

निवृत्तीनंतर कंपाउंडरच्या घरी गेले. म्हटलं, आता माझी पाळी. मी माफी मागते, तू व्हिडिओ काढ.

तो म्हणाला, "राहू द्या, मॅडम. म्हातारी थोडीच पाहनार हाय."