हळदीच्या ऑर्डरमधल्या तीन साड्या

कोलशेतच्या आमच्या ऑफिसात नव्या मॅनेजर मुलामुलींचं ट्रेनिंग असलं की साहेब मला बोलावतात आणि ती साड्यांची गोष्ट सांगायला लावतात. मी सांगते. इतक्या वेळा सांगून झाली आहे की तोंड आपोआप चालतं आणि डोक्यात संध्याकाळच्या भाजीचा विचार असतो. मुलं वहीत लिहून घेतात. शेवटचा भाग मात्र मी तिथे कधी सांगत नाही.

तेव्हा मी कल्याणच्या दुकानात साडी विभाग सांभाळत होते. साड्या उलगडून दाखवायच्या आणि पुन्हा घड्या घालायच्या, यात बावीस वर्षं गेली होती. गुडघे तर कामातूनच गेले होते. अशात वरून निरोप आला की साड्या खपत नाहीत, विभाग बंद करतोय. तुम्ही भिवंडीच्या गोडाऊनला जा, नाहीतर घरी बसा. पन्नाशीला आलेल्या बाईला दुसरं कोण नोकरी देणार? मला भयंकर राग आला, पण रागावून जाणार कुठे?

शहाडकडच्या गावांतल्या आगरी बायका आमच्याकडे यायच्या. एखादी साडी हातात धरून विचारायच्या, अशाच अजून चाळीस आहेत का? आम्ही तोऱ्यात सांगायचो, ताई, आमच्याकडे प्रत्येक पीस वेगळा असतो. त्या निघून जायच्या. त्यांच्या हळदीला भावकीतल्या सगळ्या बायका एकाच रंगाची, एकाच काठाची साडी नेसतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. अशा हळदीत मी स्वतः जेवून आले होते. तरी ग्राहकाला हवं तेच नेमकं आपण ठेवत नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला ही नोकरी जायची पाळी यावी लागली.

मग मी एकसारख्या साड्यांचे गठ्ठे मागवले. लग्नघरातून बायकांची यादी घ्यायची, सगळ्या साड्यांना फॉल लावून द्यायचा आणि वाटताना गोंधळ नको म्हणून प्रत्येकीच्या नावाची पिशवी करायची. दोन महिन्यांत विभाग असा चालला की बंद करायची भाषाच बंद झाली. माझ्या बढतीची गोष्ट निघाली.

त्याच सुमारास पासष्ट साड्यांची एक ऑर्डर आली. पोपटी रंग, जांभळा काठ. मोजल्या तर त्या लॉटच्या बासष्टच निघाल्या. दुसऱ्या लॉटमध्ये तीन होत्या, रंगाने किंचित गडद. दुकानातल्या दिव्यांत फरक कळत नव्हता. तरी मी नवऱ्यामुलाच्या आईला फोन करून सांगितलं. ती लगीनघाईत होती. चालतील म्हणाली आणि त्या कुणाला द्यायच्या याची तीन नावं पटापट सांगितली. मी पिशव्या भरल्या. ऑर्डर नाकारायची, निदान दोन दिवस मागून घ्यायचे, हे मला सुचलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. सुचलं होतं. बढती डोळ्यांसमोर होती.

हळद झाल्यावर आठवड्याने एक बाई दुकानात आली. चाळिशीची, कपाळ मोकळं. तिने पिशवीतून साडी काढून काउंटरवर ठेवली. नवऱ्यामुलाची धाकटी काकी होती ती, दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेली. मांडवात सगळ्या एका रंगात आणि तीन विधवा वेगळ्या रंगात, हे फोटोत अगदी उठून दिसत होतं म्हणाली. फोटो गावभर फिरले होते. तेव्हापासून ती जावेशी बोलत नव्हती. एकाच घरात दोन चुली करायची गोष्ट चालली होती.

"मना खरा सांगा," ती म्हणाली. "तुमचे दुकानान कमी परल्या, का जावेनी मना मुद्दाम येगली दिली?"

फोनवरची ती तीन नावं मी लिहून घेतली होती. तिघी विधवा आहेत हे मला आता तिच्याकडून कळलं. जावेने मुद्दाम केलं, की घाईत जी नावं तोंडाला आली ती घेतली, देव जाणे. खरं सांगितलं तर ते घर मोडणार होतं. मला तिची कणव आली आणि स्वतःची लाजही वाटली. मी म्हटलं, आमच्याकडेच कमी पडल्या, चूक माझी.

"कुनाला द्याच्या ता कोनी ठरवला?"

"मीच," मी म्हटलं. "तुमच्या जाऊबाईंना काहीच माहीत नव्हतं. मी यादीतली शेवटची तीन नावं घेतली."

तिचा चेहरा जरा सैल पडला. आपलं काम झालं असं मला वाटलं. तिने साडीची घडी सारखी केली, पिशवीत ठेवली आणि हळूच म्हणाली, "म्हंजे यादीन पन मीच शेवटी."

आता काहीही दुरुस्त करायचं तर ती नावं कुणी सांगितली तेही सांगावं लागलं असतं. ती पायऱ्या उतरून गेली. यादी माझ्या ड्रॉवरमध्येच होती. तीत तिचं नाव सातवं होतं, नवऱ्यामुलाच्या आत्यांच्या लगेच खाली.