खाकी कव्हरं

त्या तीन महिन्यांचा राग अजून गेलेला नाही. त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे.

तळोजाच्या कारखान्यांना लागून असलेल्या वस्तीतल्या शाळेत मी पहिलीला शिकवते. दिवाळीनंतर शाळेला गोष्टींची पुस्तकं मिळाली. पानभर चित्र, खाली एखादी ओळ. पहिले काही दिवस ती बाकांवर नुसती पसरून ठेवली होती. वर्गातल्या एका मुलीने लाल माशाचं पुस्तक उचललं आणि सोडलंच नाही. तिचे वडील साताऱ्याकडून येऊन इथल्या गोदामात माल चढवतात. घरात छापील कागद म्हणजे रेशनकार्ड आणि औषधाची चिठ्ठी. पण आठवड्याभरात ती 'मासा'वर बोट ठेवून ओरडायला लागली. मग फळ्यावरच्या 'मामा'तला 'मा' तिने आपणहून पकडला.

तेवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "कव्हरं घालून कपाटात ठेवा. महिन्यात चिंध्या करतील ही."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. आमच्या तालुक्याच्या गावी दर जूनमध्ये वडील माझ्यासाठी आणलेल्या जुन्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कागदाची घडी अशी नीट बसवायचे की पुस्तक नवं दिसायचं. त्यांच्यामुळे मी घरातली पहिली पदवीधर झाले. पुस्तकाचा मान ठेवायचा तो असाच, हे मी धरूनच चालले होते. तीन दुपारी बसून एकूण एक पुस्तकाला खाकी कागद चढवला, पांढरी चिठ्ठी चिकटवली, वर सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं. तपासणीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी कपाटाचा फोटो काढला. मी खूश.

नियमही केला. हात धुऊन यायचं, कपाटाला हात लावायचा नाही, बोट दाखवायचं, मी काढून देणार. तासाला एकच पुस्तक.

ती मुलगी बोट दाखवायची, मिळालेलं पुस्तक उघडायची, मिटून ठेवायची. नंतर नंतर वाचनाचा तास आला की तिला तहान लागायला लागली.

असे तीन महिने गेल्यावर एक दिवस मी चिडले. "एवढी छान पुस्तकं आलीत आणि तुला पाणी सुचतंय होय?"

"समदी एकसारकीच हायत, बाई," ती म्हणाली. "माशाचं कुनी नेलं?"

वाचता न येणारं मूल पुस्तक ओळखणार चित्रावरून. ते चित्र मी झाकलं, आणि वर नाव लिहिलं, ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी!

खारघरला एका घरी मी शिकवणीला जाते. तिथल्या दोन वर्षांच्या बाळाने पुस्तकाचा कोपरा चावून खाल्ला, तर त्याची आई कौतुकाने म्हणाली, "पुस्तकांचं भारी वेड आहे हो त्याला!" आमच्या मुलांनी मात्र आधी हात धुवायचे, मग लांबून बोट दाखवायचं. पुस्तक कोरं राहिलं पाहिजे, मूल कोरं राहिलं तरी चालेल. कुणाला दाखवायचं होतं आम्हाला ते कपाट?

मी त्याच तासाला कव्हरं फाडायला घेतली. आवाज ऐकून मोठ्या बाई आल्या.

"वेड लागलंय का तुम्हाला? पुस्तकं फाटली की वर उत्तर कोण देणार?"

"मी देईन."

"तुम्ही! उद्या बदली झाली की सुटाल. मग मी बसते चिंध्या मोजत."

"मोजा," मी म्हणाले. एवढं उलट मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते.

माशाचं पुस्तक तळाच्या कप्प्यात निघालं. ती ते घेऊन जमिनीवर फतकल मारून बसली. चित्र बघून सगळी गोष्ट सांगितली, एक पान चुकली नाही. मी तिचं बोट खालच्या ओळीवर नेलं.

"हे काय लिहिलंय?"

तिने अक्षरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हाईत नाय."

मी तिच्याशेजारी बसले. पुन्हा 'मा'पासून सुरुवात केली.