पट्टी फक्त डोळ्यांवर

डॉक्टर एर्लिंडा बेसानाला मेंदूची किळस कधीच आली नाही. माणसांची आली, ती मनिलाच्या एका हॉटेलात, डॉक्टरांच्या वार्षिक मेजवानीत.

एर्लिंडा मूळची पनाय बेटावरची, कापिझ किनाऱ्याची. आमच्याकडे काही घराण्यांत ऐन चाळिशीत पुरुषाला लुबाग गाठतो. आधी मान वळते, मग कंबर, मग सगळं अंगच पीळ घेतं. रोग आईकडून येतो आणि भोगतो मुलगा. एर्लिंडाचा सख्खा मामा असाच गेला, म्हणून ती मेंदूच्या वाटेला लागली. मज्जापेशीच्या टोकाशी बारीक पिशव्या असतात. त्या उघडल्या की आतलं रसायन पुढच्या पेशीला निरोप देतं. हा निरोप कुठे अडतो, हे शोधण्यात, उंदरांचे मेंदू कापता कापता तिची उमेदीची वर्षं गेली, लग्न राहिलं ते राहिलंच. पण उंदराला काही लुबाग होत नाही. माणसाचा मेंदू हवा होता, आणि मेलेल्याच्या अंगाला सुरी लावू देणारं घर आमच्या बेटावर सापडायचं कुठे?

शेवटी कालवं काढणाऱ्या नोंग तेरियोने शब्द दिला. (वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे नोंग म्हणतात, बाईला नांग.) रोगाने मान खांद्याला टेकली होती, पण जीभ शाबूत.

"मेल्यावर घे माझं डोकं," तो म्हणाला. "जिवंतपणी बायको खातेच आहे."

"त्यात काही असेल तर खाईन ना!" त्याची बायको नांग पासिंग चुलीजवळून ओरडली.

त्याने आपल्या चालण्याची फिल्मही काढू दिली, पण एका अटीवर. "डॉक्टरांशिवाय कुणी बघायची नाही. धाकटीचं लग्न नेग्रोस बेटावर ठरतंय. त्यांना सांगितलंय, मी माडावरून पडलो म्हणून."

फिल्म गेली एर्लिंडाच्या वरिष्ठांकडे, डॉक्टर मकासाएतकडे. काम तिचं आणि निबंधावर पहिलं नाव याचं, अशी त्यांची रीत. त्या मेजवानीत या गृहस्थाने फिल्मला नाचाचं गाणं जोडून ती पडद्यावर लावली. तेरियो पाय फेकत, कंबर मोडत चालत होता आणि शिकलेसवरलेले लोक तोंडात कोळंबी धरून ताल देत होते. एर्लिंडा उठून थेट मकासाएतच्या टेबलापाशी गेली.

"सर, हे काय चालवलंय?"

"अगं, डोळ्यांवर काळी पट्टी लावलीय की! ओळखतोय कोण?"

लुबागच्या दोन रोग्यांचा पीळ कधी सारखा नसतो, पाठमोरा माणूसही त्यावरून ओळखता येतो, असा तिचा निबंध होता. त्यावरही पहिलं नाव मकासाएतचंच. म्हणजे मेल्याने तो वाचलाही नव्हता.

कुणीतरी फोनवर ती फिल्म उतरवून घेतली आणि ती घरोघर फिरली. नवऱ्या मुलाच्या मावशीने चालीवरून तेरियोला ओळखलं. लग्न मोडलं.

एर्लिंडा तोंड दाखवायला गेली, तर तेरियो म्हणाला, "ये. नाच बरा जमला का माझा?" तिला रडू फुटलं. तो म्हणाला, "शब्द तुला दिलाय. तो राहील."

पुढच्या वर्षी तो गेला. गावच्या दवाखान्याच्या शवागारात एर्लिंडा बर्फाची पेटी घेऊन पोचते न पोचते, तोच मकासाएतचा फोन आला.

"पेटी थेट माझ्याकडे पाठव. आणि काढण्याआधी चेहऱ्याचे फोटो घे, भाषणाला लागतील."

तिने फोन बंद केला. मेल्यावर तेरियोचा पीळ सुटला होता. तो सरळ, स्वस्थ पडला होता, उशाशी पासिंग उभी होती. त्या माणसाच्या हाती याची चिमूटही द्यायची नाही, असं तिने ठरवून टाकलं.

"नांग, न्या त्यांना घरी. आहेत तसे अख्खे. मला नको."

"का गं इंदाय, का गं बाळा?"

"त्या नीच माणसाची शिसारी येते मला."

"मला काय कमी येते? माझ्या पोरीचं लग्न मोडलंय त्याने." पासिंगने तिचं मनगट घट्ट धरलं. "पण थोरलीला मुलगा झालाय. तुझ्या शिसारीपायी त्याने पण वाकडं व्हायचं का? सुरी घे."

मकासाएतचं नाव पुन्हा पहिलंच छापून येणार, हे एर्लिंडाला पक्कं ठाऊक होतं. तिने हातमोजे चढवले.