मुका झालेला संगणक आणि ठिपकेताई

अंधांसाठी पुस्तकं छापणारा तो छापखाना दोन खोल्यांचा. बाहेरच्या खोलीत बांधणी, आतल्या खोलीत एक म्हातारा संगणक आणि त्याला जोडलेलं छपाईयंत्र. जाड कागदावर ठिपके ठोकताना ते यंत्र असा काही धडधडाट करी, की शेजारचा शिंपी म्हणे, "तुमच्यामुळे माझी शिवण वाकडी जाते." आतल्या खोलीचा सगळा कारभार ठिपकेताईच्या हाती. नाव दुसरंच होतं, पण ते पगाराच्या दिवशीच कोणाला आठवे.

शाळकरी वयात तापाने तिची दृष्टी गेली. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. लेक घरात बसून कुढू लागली, तसं त्यांनी तिला दुकानात आणून बसवलं आणि बंद पडलेलं एकेक घड्याळ तिच्या कानाला लावायला सुरुवात केली. "कुठे अडतंय सांग." आधी ती रडली, मग चिडली, मग सांगू लागली. पुढे ती बोटांनी वाचायला शिकली आणि छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली. संगणक आला तेव्हा व्यवस्थापकांनी विचारलं, "जमेल का?" ती म्हणाली, "बिघडवल्याशिवाय कसं कळणार?"

स्वभाव तसा तिखटच. तिच्या खुर्चीची उंची कोणी बदलली, तर दिवसभर त्याची खैर नसे. पण काम असं चोख, की तिने हातावेगळं केलेलं पान पुन्हा तपासायची कोणाची छाती होत नसे.

संगणक तिच्याशी बोलायचा. त्याच्या पाठीमागे एक छोटी पेटी जोडलेली होती. पडद्यावर जे उमटेल ते ती नाकातल्या आवाजात वाचून दाखवी. संगणक सुरू झाला, की आधी दोन चिमुकल्या फायली वाचायचा. अंगाला काय काय जोडलंय ते एकीत, उठल्यावर कोणती कामं करायची ते दुसरीत. पेटीला जागं करणारी ओळ त्यांतच होती.

त्या सकाळी अंधशाळेच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापायच्या होत्या. दुपारी मुख्याध्यापिका स्वतः गाडी घेऊन येणार होत्या. ठिपकेताईने बटण दाबलं. पंखा घरघरला, एक पिप वाजला, आतली तबकडी कुरकुरली आणि पुढे ओ की ठो नाही.

तिचा नवरा, छापखान्याचा बांधणीकार, पार्सलं घेऊन टपाल कचेरीत गेला होता. बाहेरच्या खोलीत फक्त पानं शिवणाऱ्या मावशी होत्या.

"मावशी, जरा आत या. पडद्यावर काय दिसतंय?"

"अगं, ते इंग्रजी. मला कुठलं वाचता येतंय?"

"वाचू नका, नुसतं बघून सांगा."

"काळं आहे सगळं. वर दोन-तीन ओळी. एक रेघ सारखी लुकलुकतेय. आणि आकडे आहेत. थांब, आजची तारीखच आहे की ही!"

ठिपकेताईचा चेहरा बदलला. "तारीख विचारतोय? मग मेला नाहीये तो. उठलाय, पण पुढे काय करायचं हेच विसरलाय. त्या फायली असल्या की असले प्रश्न विचारत नाही."

"म्हणजे गं काय?"

"म्हणजे फायली हरवल्यात."

मावशींचं धाबं दणाणलं. "मुलांची परीक्षा गं!"

"तुम्ही बसा हो. तुम्ही घाबरलात की मला तुमचाच श्वास ऐकू येतो."

पेटी बंद करून तिने पुन्हा सुरू केली. पेटी खाकरून स्वतःचं नाव बोलली. म्हणजे ती ठणठणीत होती. मग तिने तारखेचा आणि वेळेचा प्रश्न ओलांडून एक युक्ती केली. अमुक फाईल असेल तर पिप वाजव, असा हुकूम तिने टंकला. आधी नक्की असणार अशा फाईलचं नाव घातलं. पिप. मग त्या दोन चिमुकल्या फायलींपैकी एकीचं. शांतता. दुसरीचं. शांतताच.

खात्री झाली, पण तेवढ्याने भागत नव्हतं. पेटीला जागं करणाऱ्या प्रोग्रॅमचं नेमकं नाव तिला आठवेना. तिने कपाळावर बोट आपटलं, आणि एकदम हसली. पडदा दिसत नाही, पेटी बोलत नाही. पण ठिपके ठोकणारं यंत्र तर हाताशीच होतं! संगणकात पेटीसाठी राखलेल्या कप्प्यातल्या फायलींची यादी तिने सरळ त्या यंत्राकडे पाठवली. धडधडाट झाला, कागद बाहेर आला. तिची बोटं झरझर फिरली आणि एका नावाशी थांबली.

"सापडलास, गुलामा."

मग तिने दोन्ही फायली नव्याने लिहायला घेतल्या. अक्षर चुकलं तर सांगणारं कोणी नव्हतं. ओठांत पुटपुटत, एकेक कळ चाचपून ती लिहीत गेली. मावशी तोंडावर पदर धरून बसल्या होत्या.

संगणक पुन्हा सुरू केला. पिप. कुरकुर. शांतता.

"तारीख?"

"नाही गं, या खेपेला तारीख नाही."

"मग अर्धी लढाई जिंकली." लिहिलेलं सगळं तिने यंत्रावर छापून घेतलं आणि ओळीवरून बोट फिरवलं. एका ठिकाणी तिरकी रेघ राहिली होती. "हात्तिच्या! एवढ्याशा रेघेपायी रुसलाय." ओळ सुधारली, बटण दाबलं. तबकडी कुरकुरली, आणि पेटी नाकातून बोलू लागली. मावशींनी तिला मिठीच मारली.

नवरा परतला तेव्हा प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा वाढत होता. हकिगत ऐकून त्याचा चेहरा पडला. "काल संगणकात जागा पुरत नव्हती म्हणून मीच जरा साफसफाई केली. दोन चिटुकल्या फायली बाहेरच लोळत होत्या. म्हटलं, कचरा असेल."

"अहो, किल्ली एवढीशी असते म्हणून कोणी फेकून देतं का?"

"चुकलंच माझं."

"चुकलं तर पानं लावा आता. गणिताचा पेपर उलटसुलट झालाय."

गाडी आली तेव्हा शेवटचा गठ्ठा बांधून व्हायचा होता. मुख्याध्यापिका दारातच थांबल्या, कुरकुर न करता. त्यांना काही सांगू नका, असं ठिपकेताईने दोघांनाही आधीच बजावलं होतं. पण मावशींच्या पोटात काय राहतंय? गाडीत गठ्ठे ठेवता ठेवता त्यांनी सगळं रामायण ऐकवलं. मुख्याध्यापिका पुन्हा आत आल्या, ठिपकेताईचे दोन्ही हात घट्ट दाबून गेल्या.

मग कुठे ती जेवायला बसली.



नवऱ्याने डबा उघडून दिला आणि पाणी भरून तिच्या उजव्या हाताशी ठेवलं. ती सावकाश जेवली. जेवण झाल्यावर दोन्ही फायलींची एक प्रत तिने वेगळ्या तबकडीवर घेतली, वर ठिपक्यांची चिठ्ठी चिकटवली आणि गोष्टींच्या पुस्तकाचं राहिलेलं प्रकरण छापायला लावलं.