प्रयागबाईच्या हातची सुई

कऱ्हाटीच्या प्रयागबाईच्या जिभेला हाड नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक. तिच्या सुनेचं, सुकन्याचं, तिसरंही पोट तिसऱ्या महिन्याच्या आतच पडलं, तेव्हा ती बोलून बसली, "दोनदा गाभडली की मेंढी बाजारात जाती. हितं तर तिसरी खेप झाली." सुकन्या न्हाणीत जाऊन रडली. तिचा नवरा मानसिंग लोणी देवकरच्या कारखान्यातून पाळी करून आला, तो न जेवताच झोपला. लेकाला दुसरी बायको करायचं घाटत होतं, आणि घाटणारी त्याची आईच होती. असली आई, काय बोलायचं!

सत्त्याण्णव साली बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी सुकन्याचं रक्त दोनदा पुण्याला पाठवलं. मग तिघांना समोर बसवून सांगितलं, "अंगात रोगाशी लढणारी एक ताकद असते. हिची चुकून घरच्यांवरच उलटलीय. वारेत रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात, बाळाला पोसणारं रक्त पोचत नाही. पुन्हा दिवस गेले की लगेच या. रोज एक गोळी आणि दोन वेळा कातडीखाली सुई. तरी टिकेलच, असा शब्द देत नाही."

दिवस गेले. आता सुई टोचायची कुणी? नर्स गावात आठवड्यातून एकदा यायची, आणि मानसिंगला रक्त बघितलं की घेरी. राहिली प्रयागबाई. मेंढरं होती तोवर तिनं शेकड्यानं लसी टोचल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी समोर करून घेतलं आणि म्हणाल्या, "हात चांगलाय."

सकाळी सात, संध्याकाळी सात. प्रयागबाईला ना माहेर राहिलं, ना भाचीचं लग्न. गुडघे धरून बसायचं, पोटाची कातडी चिमटीत घ्यायची, हळूच सुई सारायची. सुकन्याचं पोट निळंकाळं पडलं, टोचायला चांगली जागा सापडेना.

"दुखतंय का गं?" एकदा सासूनं विचारलं.

"व्हय, आत्या."

"मी बी दमले बघ."

तिसरा महिना सरला. त्या दिवशी घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही. भीतीच तशी होती.

नववा लागता लागता बारामतीत पोरगी झाली. दोन किलोची, पण जिवंत, आणि रडून दवाखाना डोक्यावर घेणारी. मानसिंग पेढे आणायला धावला. प्रयागबाई मात्र डॉक्टरीणबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाई, माझी बी दोन गेली व्हती. मेंढरांमागं, वाटंतच. सासू मला अवदसा म्हनायची. त्यास्नी बी हेच झालं असंल का?"

"आता कसं सांगणार, आजी? कारणं पुष्कळ असतात. तेव्हा कुणी तपासलंच नाही ना."

"न्हाय तपासलं." प्रयागबाई भिंतीला टेकली. "तीस वर्सं मी ते माझं पाप समजत आले, बाई. आन तेच उचलून ह्या पोरीच्या पदरात घातलं."