फिजिक्सला सर कोण?

"मॅडम, आमी अजून व्हय म्हटलं न्हाय की! मग पोरीचं डिजिटल लागलं कसं काय?"

अश्विनीचे वडील मल्लिनाथअण्णा माझ्या केबिनच्या दारातूनच बोलत होते. डिजिटल म्हणजे फ्लेक्स. सोलापुरात वाढदिवसापासून निवडीपर्यंत सगळ्याला डिजिटल लागतं. आमच्या शाळेनं अक्कलकोट रोडवर भलंमोठं लावलं होतं. दहावीत शाळेत पहिल्या आलेल्या अश्विनीचा फोटो, खाली ‘आमच्या इंटरनॅशनल डिप्लोमाची पहिली विद्यार्थिनी’. अण्णा तिथंच एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग लावून देणारे. गावाकडच्या, मैंदर्गीच्या पाहुण्यांचे अभिनंदनाचे फोन सुरू झाले होते आणि फॉर्म अजून कोराच होता.

मी या डिप्लोमाची कोऑर्डिनेटर. अकरावी-बारावीऐवजी दोन वर्षांचा हा कोर्स. सहा विषय, त्यातले तीन खोलात. शिवाय एक मोठा निबंध, स्वतः शोध घेऊन लिहायचा. पाठांतराला इथं कोणी विचारत नाही. अश्विनीसारख्या प्रश्न विचारून भंडावणाऱ्या मुलीसाठीच तो बनवलाय, असं मी तिला वर्षभर सांगत आले होते. फी पूर्ण माफ होती. अडचण पैशांची नव्हतीच.

अण्णांना बसवलं. मागोमाग अश्विनी आली, आणि तिच्यामागून चहा.

"डेमो लेक्चर लई भारी झालं म्हणती ही," अण्णा म्हणाले. "ते फिजिक्सचे सर कायम हितंच हायत न्हवं?"

मी चहाचा कप उचलला. ते सर पुण्याचे. एका दिवसासाठी मीच बोलावले होते. आमची फिजिक्सची जागा रिकामी होती.

"जाहिरात दिलीय," मी म्हणाले.

अण्णा हसले. "आमच्याकडं व्यापारी टॉवेलचं सॅम्पल हातात घेतो आन् पयला विचारतो, कुटल्या मागावरचं? ज्या मागावर ऑर्डर चालणार, त्याच मागावरचं सॅम्पल पायजे. शेजाऱ्याच्या मागावरचं दाखवलं, तर माल परत येतो. पोरीची दोन वर्षं कुटनं परत येणार?"

मला लाज वाटली. स्पष्टच सांगते, चाळीस पालकांना मी ते सॅम्पल दाखवलं होतं आणि एकानंही हा प्रश्न विचारला नव्हता. मलाही तो पडला नव्हता.

आता खरी मेख सांगते. अश्विनीला डॉक्टर व्हायचं होतं. मेडिकलला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी तिन्ही लागतात. पण या डिप्लोमात तीन सायन्स एकत्र घ्यायला खास परवानगी काढावी लागते. त्या अर्जावर कोऑर्डिनेटरची सही असते आणि सहीच्या वर एक ओळ: या विषयांना शाळेत शिक्षक आहेत.

मी त्यांना थांबायला सांगून डायरेक्टर सरांकडे गेले.

"फिजिक्सचे सर जूनपर्यंत मिळतील की," ते म्हणाले.

"जानेवारीपासून आपण हेच म्हणतोय."

"मॅडम, सही करून टाका. पुढचं पुढं बघू. गावभर डिजिटल लागलंय."

"डिजिटल फिजिक्स शिकवणार नाही, सर."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग तिला फिजिक्सऐवजी इकॉनॉमिक्स द्या. परदेशात कुठंही ॲडमिशन मिळेल. टॉपरच गेली तर बाकीचे नऊ थांबतील का? बॅच बुडाली, तर तुमची पोस्ट तरी कशाला ठेवायची?"

धमकी साखरेत घोळलेली होती, पण धमकीच होती. माझं घर माझ्या पगारावर चालतं. तरी म्हणाले, "खोट्या ओळीखाली सही होणार नाही. आणि जागा रिकामी आहे हे त्यांना आत्ताच सांगणार आहे. बाकीच्या नऊ घरांनाही."

केबिनमध्ये परत येऊन सगळं सांगितलं. पुण्याचे सर, रिकामी जागा, इकॉनॉमिक्सचा पर्याय. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, हेही सांगितलं. अण्णा लेकीकडे बघत राहिले.

"फिजिक्स ऑनलाइन केलं तर?" अश्विनीनं विचारलं.

"थिअरी होईल. प्रॅक्टिकल कोण घेणार?"

"आणि इकॉनॉमिक्स घेतलं तर मेडिकल बंद?"

"बंद."

तिचे डोळे भरले. त्या मोठ्या निबंधाचा विषयसुद्धा तिनं ठरवून ठेवला होता, टॉवेल रंगवल्यावर कारखान्याबाहेर सोडलं जाणारं पाणी. मग तिनं कोरा फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"मला डिप्लोमा लई आवडलाय, मॅडम. पण मला डॉक्टर व्हायचंय. अण्णा, साध्या कॉलेजचा फॉर्म भरूया."

"पाव्हण्यांना काय सांगू?" अण्णांनी विचारलं.

"फोटो चांगला आलाय म्हणा."

दुसऱ्या दिवशी डिजिटल उतरलं. नऊही घरांना मी स्वतः फोन केले. दोघांनी नाव काढून घेतलं, सात आले. त्या सातांपैकी कुणालाच फिजिक्स नको होतं. बॅच सुरू झाली, माझी पोस्टही टिकली. डायरेक्टर सर दोन महिने माझ्याशी फक्त ईमेलवर बोलले. फिजिक्सचे सर दिवाळीनंतर आले. चांगले आहेत.

तेव्हापासून शाळा बघायला येणाऱ्या पालकांना मी लॅब आणि मैदान शेवटी दाखवते. आधी स्टाफरूममध्ये नेते. तुम्हीही कुठल्याही शाळेत जाल, तेव्हा तसंच करा.

अश्विनी आता बारावीत आहे, साध्या कॉलेजात. वर्गात नव्वद पोरं, प्रश्न विचारायला सवड नाही, अशी तिची तक्रार असते. ती ऐकताना मला वाईट वाटतं. तिची मेडिकलची प्रवेशपरीक्षा अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. पण जो लागेल तो तिचा असेल, माझ्या सहीचा नाही.